चाळीस दिवसांची पेटी

शुक्रवारी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी अंधेरी पूर्वेतल्या एका शाळेच्या कार्यालयाने एका बाईचा सतरा नंबरचा फॉर्म घेतला नाही. शाळा मधेच सोडलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसायचे असेल तर हा फॉर्म भरावा लागतो. नकाराचे कारण खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून दिले: मूळ दाखला नाही. विलंबाने फॉर्म घेण्याची शेवटची तारीख पुढच्या मंगळवारची होती. दाखला त्या वेळी शाळेपासून चालत वीस मिनिटांवर, आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या मेजाखाली एका कुलूपबंद लाकडी पेटीत होता. तो तिथे कोणी चोरून ठेवला नव्हता. बाईने तो स्वतःच्या हाताने मेजावर ठेवला होता, आणि ठेवायला सांगणारे वाक्य मी लिहिले होते.

मी मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षे बातम्या तपासल्या. निवृत्तीनंतर मंडळीच्या कागदपत्रांतले शुद्धलेखन बघणे माझ्याकडे आले. त्यातच हे काम आले. आमच्या मंडळीत 'ख्रिस्ती कोचिंग' सुरू व्हायचे होते. साकीनाक्याच्या एका कंपनीत अभियंता असलेल्या, पस्तिशीच्या एका सभासदाने त्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. माणसाने आयुष्यात काय करायचे हे प्रार्थनेने आणि विचाराने ठरवावे, ठरवलेले गाठावे, आणि कोचने त्याला सल्ले न देता प्रश्न विचारून त्याचा रस्ता त्यालाच शोधू द्यावा, अशी ही पद्धत. इंग्रजी पुस्तिका चोपन्न पानांची होती. मी तिचे मराठी केले. पहिल्या पानावर पद्धतीचा पहिला नियम होता: ध्येय ज्याचे, निर्णय त्याचा. मला तो नियम आवडला होता, हे इथे नोंदवायला हवे.

फाटकावर पाटी लागली: ख्रिस्ती कोचिंग, दर शनिवारी संध्याकाळी चार ते सहा, मोफत.

अंधेरी ते मुलुंड कुठेही कोचिंग म्हणजे दहावी-बारावीचे क्लास. दर दुसऱ्या इमारतीवर तशी पाटी असते. पहिल्या शनिवारी अकरा जण आले. त्यांतली एक बाई दोनशे पानी वही, पट्टी आणि दोन पेने घेऊन आली. वय एकेचाळीस. आरेतल्या गोठ्यांच्या एका युनिटजवळच्या खोलीत सासू आणि मुलीबरोबर राहणारी, मरोळच्या एका नर्सिंग होममध्ये चौदा वर्षे आया. नवरा नाही. मंडळीत ती नियमाने येई, मागच्या बाकावर बसे आणि ड्यूटीमुळे शेवटचे गीत सुरू व्हायच्या आत निघून जाई. त्यामुळे तिची ओळख बहुतेकांना पाठमोरीच होती.

कोच झालेल्या त्या अभियंत्याने, म्हणजे सगळ्यांच्या 'सरां'नी, तिला विचारले, "ताई, तुम्ही इथे का आलात?"

"दहावीला."

"म्हणजे?"

"कोचिंग आहे ना? पुस्तकं कुठली आणायची? आपली, का तुम्ही देणार?"

सगळे हसले. शेजारच्या मावशींनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "अगं वेडे, हे अभ्यासाचं नाही. आयुष्याचं कोचिंग आहे."

"मग दहावीचं कुठे आहे?"

हा प्रश्न साधा होता. बाहेरून दहावीला बसायचे असेल तर काय करावे लागते, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते. सर म्हणाले, "फार छान प्रश्न आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटलं इथे आहे," ती म्हणाली.

ती तेव्हाच उठून गेली असती तर पुढचे काही घडले नसते. पण सरांनी तिला बसवले आणि विचारले, "ताई, तुम्हाला नक्की काय हवंय?" तिने वही मिटली. मग म्हणाली, "तक्त्यावर सही."

तिने समजावून सांगितले. नर्सिंग होममध्ये पेशंटच्या खाटेला तक्ता लावलेला असतो. बीपी ती घेते, ताप ती घेते, लघवीचे माप ती घेते, आकडे ती लिहिते. सही मात्र सिस्टर करते, कारण ती सातवी पास आहे. "आकडा चुकला तर शिव्या मला. बरोबर असला तर सही तिची." आता नवीन मॅनेजर आला होता. पुढच्या जूनपर्यंत दहावीचे प्रमाणपत्र आणतील त्या आयांना असिस्टंटचे प्रशिक्षण मिळणार, बाकीच्या कंत्राटदाराकडे जाणार. हे तिने चौदा वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, कारण तिला काय हवे असे कोणी विचारले नव्हते. हे श्रेय कोचिंगचे आहे आणि ते मी कमी करत नाही.

दुसऱ्या शनिवारी ध्येयपत्रके भरली गेली. तिचे पत्रक मी पुढे पाहिले. वर पेन्सिलीने तिचे वाक्य होते: दहावी पास होऊन तक्त्यावर माझी सही. त्याखाली पेनाने सरांच्या अक्षरात: सेवेत अधिक विश्वासू होणे. मी सरांना विचारले, हे कोणाचे वाक्य? ते म्हणाले, "चर्चेतून आलं, काका. मुळात ध्येय तेच आहे. मी फक्त जरा खोल नेलं." डेस्कवर वार्ताहराची बातमी अशीच खोल नेणारे लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो.

तिने खोलात जायची वाट पाहिली नाही. मरोळ नाक्यावरच्या सायबरवाल्याकडून तिने फॉर्मची माहिती काढली, दोन दिवसांची रजा टाकली, रात्रभर एसटीने जाऊन जालना जिल्ह्यातल्या तिच्या शाळेतून दाखला आणला. शाळेने आधी रजिस्टर सापडत नाही म्हणून सांगितले. ती शाळेच्या पायरीवर बसून राहिली. चार वाजता रजिस्टर सापडले.

पुढच्या शनिवारी पुस्तिकेतला चौथा धडा होता. मूळ इंग्रजीत सांगितले होते ते एवढेच की ध्येयाविषयी प्रार्थना करा आणि मग त्याची सारखी काळजी करत बसू नका. मी लिहिले होते: "आपले ध्येय प्रभूपुढे ठेवा आणि ते तिथेच राहू द्या." वाक्य शुद्ध आहे. लहान आहे. आणि आमच्या मंडळीत त्याचा एकच अर्थ होतो.

आमच्याकडे कागद मेजावर ठेवायची रीत आहे. लग्नाची पत्रिका, घराचा करार, नोकरीचे पत्र, मुलांची हॉल तिकिटे. उपासनेआधी ती पांढऱ्या कापडावर ठेवायची, पाळकसाहेब त्यांवर प्रार्थना करतात, उपासना संपली की ज्याचा कागद त्याने उचलायचा. माझ्या मुलीचे हॉल तिकीटही मी असे ठेवले आहे. तीस वर्षे डेस्कवर काढलेल्या, याच मंडळीत वाढलेल्या माणसाला 'प्रभूपुढे ठेवा' लिहिताना हे सुचायला हवे होते. सुचले नाही.

सरांनी त्या वाक्यावरून एक कार्यक्रमच उभा केला. सर्वांनी आपले ध्येय पाकिटात घालून रविवारी आणायचे. बाकी दहा जणांनी चिठ्ठ्या आणल्या. स्वतःचे घर, मुलाचे व्यसन सुटू दे, वजन. तिने दाखला आणला. तिच्या लेखी ध्येय म्हणजे तोच कागद होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शेवटचे गीत झाल्यावर सरांनी मेजाखालून एक नवी पेटी काढली, अकराही पाकिटे तिच्यात ठेवली, दोन कुलुपे लावली आणि सांगितले की पेटी चाळीस दिवस पूर्ण झाल्यानंतरच्या रविवारी उघडेल. मंडळीने आमेन म्हटले. ती नेहमीप्रमाणे मागच्या बाकावरून शेवटच्या गीताआधीच निघून गेली होती. दुपारी ड्यूटी संपल्यावर कागद उचलायला आली, तेव्हा मेजावर फक्त कापड होते आणि खाली कुलपातली पेटी.

यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी तिने सरांकडे दाखला परत मागितला. त्यांच्यात झालेले बोलणे मी पुढे दोघांना वेगवेगळे विचारले. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. सरांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. ते असे:

"सर, माझा दाखला पेटीतून काढून द्या ना. फॉर्मला लावायचाय."

"ताई, तो काढावासा का वाटतोय?"

"फॉर्मला लावायचाय म्हणून."

"आणि तो आतच राहिला तर काय होईल असं वाटतं?"

"फॉर्म घेणार नाहीत."

"म्हणजे भीती आहे. या भीतीचं मूळ कशात असेल?"

"शाळेच्या ऑफिसात."

"अजून थोडं आत बघा."

सरांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि पुढच्या माणसाकडे वळले. तिने मला नंतर सांगितले, "मला वाटलं, सर माझी परीक्षा घेतायत. परत मागितलं तर नापास."

कोचने सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे, हा नियम सर प्रामाणिकपणे पाळत होते. पण तिने सल्ला मागितलाच नव्हता. तिने तिची वस्तू मागितली होती. तहसील कचेरीतल्या शिपायानेसुद्धा होय किंवा नाही म्हटले असते.

तिने पुढचे दोन आठवडे काढले. दाखल्याची झेरॉक्स होती, तिच्यावर नर्सिंग होममधल्या डॉक्टरांची सही घेतली, आणि शुक्रवारी ड्यूटीतून तासाभराची सवलत मागून ती शाळेत गेली. तिथे काय झाले ते वर लिहिले आहे. त्याच दिवशी दुपारी दोनला तिने मला फोन केला. माझा नंबर पुस्तिकेच्या मागे होता, शुद्धलेखनाच्या चुका कळवण्यासाठी.

"काका, पुस्तकात 'तिथेच राहू द्या' लिहिलंय ते तुम्ही लिहिलंय ना?"

"हो."

"किती दिवस राहू द्यायचं?"

मी तिला सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. सांगताना ती रडली नाही. फक्त मंगळवार हा शब्द तिने पाच-सहा वेळा उच्चारला. नवा दाखला काढायचा तर प्रतिज्ञापत्र करून पुन्हा जालन्याला जावे लागले असते. तेवढे दिवस नव्हते.

शनिवारी सकाळी मी सरांना त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी गाठले. पेटीला दोन कुलुपे होती. एकाची चावी सरांकडे, दुसऱ्याची पाळकसाहेबांकडे.

"काका, मी एकट्याने नाही उघडू शकत. अकरा जणांनी मिळून केलेला निश्चय आहे तो."

"तिचा मूळ दाखला आत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"तिने काय ठेवलं ते तिच्या आणि प्रभूच्या मधलं आहे. मी पाकिटं बघत नाही."

"तिने तुम्हाला तोंडाने सांगितलं होतं."

"हो. मला तिची अस्वस्थता दिसत होती. पण अशा वेळी कोचने सल्ला द्यायचा नसतो."

"सल्ला नकोय. दाखला द्या."

"काका, हे तुमच्यासाठी इतकं महत्त्वाचं का आहे, असं तुम्हाला वाटतं?"

मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, उद्या उपासनेनंतर पंच कमिटी बसते, तिच्यापुढे ठेवू. पुन्हा 'ठेवू'.

पंच कमिटी म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी सात माणसे. रविवारी साडेअकराला ती चर्चच्या मागच्या खोलीत बसली. मला बोलण्याची परवानगी मिळाली. मी चार वाक्यांत वस्तुस्थिती सांगितली आणि तिच्याकडून आणलेला फॉर्म टेबलावर ठेवला, पेन्सिलीचा शेरा वर येईल असा. त्यानंतर पाऊण तास चर्चा झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक पंच म्हणाले, "एकीसाठी पेटी उघडली तर बाकीच्या दहा जणांच्या विश्वासाचं काय?" दुसरे म्हणाले, असा पायंडा पडला तर उद्या कोणीही उघडा म्हणेल. तिसऱ्यांनी विचारले की हा बोर्डाचा नियम कुठे छापील आहे का. सर म्हणाले की चाळीस दिवसांतला अठ्ठाविसावा दिवस हाच सगळ्यात कठीण असतो, लोक इथेच माघार घेतात. त्या सात जणांत एकानेही फॉर्म उचलून वाचला नाही. फॉर्म मी ठेवला तिथेच, चहाच्या ट्रेशेजारी होता. शेवटी ठरले की विषय विचाराधीन ठेवावा आणि पुढच्या रविवारी घ्यावा.

पुढचा रविवार मंगळवारनंतर पाच दिवसांनी होता. हे मी सांगितले. बँकेतले पंच म्हणाले, "अहो, यंदा नाही तर पुढच्या वर्षी बसेल. वय काय पळून जातंय?" ते चोवीस वर्षे ज्या बँकेत होते तिथे धनादेश एक दिवस उशिरा आला तर परत जात असे. हे मी बोललो नाही. बोलायला हवे होते.

ती दारातच उभी होती. तिला आत बोलावलेले नव्हते. त्या दिवशी शेवटचे गीत होईपर्यंत ती थांबली होती, ड्यूटी दुसरीला देऊन. ती आत आली, बसली नाही. हातात पुस्तिका होती, पहिले पान उघडलेले.

"सर, इथे लिहिलंय, ध्येय ज्याचे, निर्णय त्याचा. बरोबर?"

"बरोबर, ताई."

"मग माझा निर्णय. पेटी उघडा."

"ताई, निर्णय घेताना आपण कुठल्या मनःस्थितीत—"

"प्रश्न नको ना, सर. चावी द्या."

"चावी मागताना तुमच्या मनात काय येतंय?"

"मंगळवार," ती म्हणाली.

कोणीतरी हसले. बँकेतल्या पंचांनी तिला सांगितले की निर्णय झाला आहे, तिने बाहेर थांबावे. ती हलली नाही.

याच वेळी पाळकीणबाई चहाचे कप गोळा करायला आल्या. त्या घाटकोपरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षे शिकवतात. ट्रे उचलताना त्यांना फॉर्म दिसला. त्यांनी तो उचलला आणि वाचला.

"मूळ दाखला कुठे आहे हिचा?"

"पेटीत," कोणीतरी म्हणाले.

"झेरॉक्स?"

"नाही. मूळ."

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "मूळ दाखला तुम्ही चाळीस दिवस कुलपात घातलात? आणि ही मागत होती तरी?" त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. "अहो, तुम्हाला काही आहे का? दाखला म्हणजे काय वाटलं, बर्थडे कार्ड? मी फॉर्म घेणारी असते तर मीही परत पाठवला असता. चावी कुठे आहे तुमची?"

"ठराव झालाय," बँकेतले पंच म्हणाले.

"ठराव तुमच्याजवळ ठेवा. दाखला हिचा आहे."

पाळकसाहेबांनी खिशातून चावी काढली. सरांची चावी घरी होती. ते रिक्षाने घरी गेले आणि अडीच वाजता परत आले. तोपर्यंत पंच जेवायला निघून गेले होते. ती मेजाजवळच्या पहिल्या बाकावर बसून होती. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पेटी उघडली. तिचे पाकीट तळाशी होते. तिने दाखला काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला, पुन्हा पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातले आणि पिशवीची चेन लावली.

सरांनी विचारले, "ताई, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?"

"भूक लागलीय," ती म्हणाली आणि निघाली.

सोमवारी तिला सुटी मिळाली नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फॉर्म घेतला गेला. तिने मला पोचेचा फोटो पाठवला, खाली काही लिहिले नव्हते.

प्रकरण इथे संपले असते तर मी हे लिहिले नसते. डिसेंबरात मंडळीच्या आभारप्रदर्शनाच्या उपासनेत वार्षिक अहवाल वाटला गेला. दुसऱ्या पानावर 'कोचिंगची फळे' या मथळ्याखाली हे वाक्य होते: "एका भगिनीने आपले शैक्षणिक ध्येय चाळीस दिवस प्रभूपुढे ठेवले आणि तिचा दहावीचा अर्ज स्वीकारला गेला."

मी ते वाक्य डेस्कवर तपासायचो तसे तपासले. दिवस चाळीस नव्हते, अठ्ठावीस होते. दाखला इतके दिवस तिने ठेवला नव्हता, ठेवून घेतला गेला होता. आणि अर्ज दाखला ठेवल्यामुळे स्वीकारला गेला नव्हता, काढल्यामुळे स्वीकारला गेला होता. अर्ज आधी नाकारला गेला, याचा उल्लेख नव्हता. तिने परत मागितला, याचा नव्हता. पाऊण तासाच्या चर्चेचा नव्हता. कालावधी वाढवून, 'आणि' हे अव्यय मधे घालून, जे कारण होते ते गाळून आणि जो अडथळा होता त्याला कारण करून एक साक्ष तयार झाली होती. तीनशे प्रती छापल्या होत्या. लोक त्या घरी नेऊन वाचणार होते, आणि पुढच्या वेळी कोणीतरी बाई आपला कागद परत मागायला आणखी घाबरणार होती.

मी पंच कमिटीला दुरुस्ती लिहून दिली. त्यात माझ्या चुकीच्या भाषांतराचाही उल्लेख होता. कमिटीचे उत्तर आले: नोंद घेतली. दुरुस्ती छापली का, असे विचारल्यावर सांगण्यात आले की अहवाल ही बातमी नव्हे, उत्तेजन आहे. उपासनेनंतर सर मला फाटकाशी भेटले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती.

"काका, हा राग तुमच्या आत कुठून येतोय, असं तुम्हाला वाटतं?"

"पान दोन, ओळ चौदा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांनी ते पान उघडून पाहिल्याचे मला आढळले नाही.

मी तिलाही विचारले की तिच्या नावाने नसली तरी तिची ही गोष्ट चुकीची छापली आहे, तिला काही म्हणायचे आहे का. ती नर्सिंग होमच्या बाहेर बसथांब्यावर होती, मांडीवर शेजारच्या मुलीचे गेल्या वर्षीचे भूमितीचे पुस्तक.

"काका, त्यांना काय लिहायचं ते लिहू दे. माझा फॉर्म गेला ना." मग म्हणाली, "पण तुम्ही सोडू नका हं. माझ्याकडे वेळ नाहीये, तुमच्याकडे आहे."

म्हणून हे लिहिले.

कोचिंग अजून चालू आहे. ती एकदा गेली होती. दुसऱ्या गटातल्या एका रिक्षावाल्याला परवान्याचे कागद पाकिटात घालताना तिने पाहिले आणि सर्वांसमोर त्याच्या हातातून काढून घेतले. "याची झेरॉक्स घाल रे बाबा. देवाला झेरॉक्स चालते." त्यानंतर ती गेलेली नाही.

परीक्षा मार्चमध्ये झाली. तिचे केंद्र आरेच्या बसमार्गावर नव्हते, तिला दोन बस बदलाव्या लागत. सगळे पेपर तिने दिले. मेमध्ये निकाल लागला. मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे सुटली. गणितात ती राहिली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म तिने बुधवारी सकाळी भरला आणि पावती घेतली. नर्सिंग होमने दिलेली जूनची मुदत आता संपली आहे. मुदत वाढवावी असा अर्ज तिने मॅनेजरकडे दिला आहे. त्याच्यावर कचेरीचा आवक शिक्का आहे. लेखी उत्तर अजून आलेले नाही.